फोटो किती वर्षं टिकायला पाहिजे ते आधी विचारा, शाईचं नंतर बघू

प्रति,
मा. संपादक,

नमस्कार साहेब. गेले दोन रविवार आपल्या पुरवणीत प्रिंटरच्या शाईवरून जे चाललंय ते वाचतोय. आधी एकाने लिहिलं की ओरिजिनल, म्हणजे प्रिंटर कंपनीचीच, इंक म्हणजे नुसती लूट आहे, बाजारात शंभर-दीडशेला बाटली मिळते ती घ्या आणि पैसे वाचवा. पुढच्या रविवारी दुसऱ्याने लिहिलं की लोकल इंक म्हणजे विष, प्रिंटर मरतो, हात लावू नका. दोघंही खरं बोलतायत पण अर्धं अर्धं. मी बार्शीत एकवीस वर्षं फोटो स्टुडिओ चालवतो, दोन्ही शाया हाताला लागून नखं निळी-गुलाबी झालेली आहेत, म्हटलं आपणपण चार ओळी लिहाव्या. चारच्या चाळीस झाल्या तर खुशाल कात्री लावा पण आजींची गोष्ट कापू नका.

आजींची गोष्ट अशी. मागच्या उन्हाळ्यात दुपारी दुकान रिकामं असताना एक आजी आल्या, बरोबर नातू, नातवाच्या हातात टॉवेलमध्ये गुंडाळलेली फ्रेम. त्यांच्या मालकांचा फोटो. चार वर्षांपूर्वी मीच करून दिलेला, तेराव्याच्या आदल्या रात्री, कुठल्यातरी लग्नाच्या ग्रुप फोटोतून काका कापून काढले, मागचा मंडप काढून निळं बॅकग्राउंड टाकलं, ए-फोरला प्रिंट मारली, सनबोर्डवर चिकटवून पट्टीची फ्रेम. काच लावली नव्हती, कारण काच लावायला दोन दिवस लागतात आणि कार्यक्रम सकाळी होता. टॉवेल काढला आणि मला माझंच काम ओळखू येईना. निळं बॅकग्राउंड जाऊन तिथं मळकट गुलाबी राहिलेलं, टोपी पांढरीच होती पण टोपीच्या घडीतली सावली लालसर, आणि चेहरा असा की माणूस नुकताच कुणाशी तरी भांडून आलाय. आजी काही रागाने बोलल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "आमचे हे उन्हातनं आल्यावर पण असे लाल होत नव्हते बाबा."

मी काय बोलणार. कारण मला पक्कं आठवत होतं, त्या वर्षी मी लिटरच्या कॅनमधली लोकल इंक भरत होतो. आणि आजींकडून पैसे मात्र पूर्ण घेतले होते. फाईल जुन्या हार्डडिस्कवर सापडली म्हणून वाचलो, फुकट नवीन करून दिला, ह्या वेळी काच लावून. पण ते बोलणं डोक्यातून गेलं नाही, म्हणून हे पत्र.

आता झालं काय ते सांगतो. फोटो प्रिंटरच्या शाईच्या मुख्य दोन जाती. एक डाय, म्हणजे पाण्यात साखर विरघळते तसा रंग विरघळलेला. दुसरी पिगमेंट, म्हणजे रंगाचे अगदी बारीक कण पाण्यात तरंगत ठेवलेले. आपल्याकडे गल्लीतल्या स्टुडिओत जो सहा रंगांचा टाकीवाला प्रिंटर दिसतो, एप्सनचा एल८०५ किंवा त्याचा थोरला भाऊ एल१८००, आता नवीन एल८०५०, त्या सगळ्यात डाय असते. डाय ग्लॉसी पेपरवर झकास दिसते, लग्नातला शालू कसा चमकतो, पिगमेंट त्याच पेपरवर थोडी कोरडी वाटते. पण डायला दोन वैरी, ऊन आणि हवा. हवा म्हणजे हवेतला ओझोन. निळ्याला आम्ही सायन म्हणतो, त्यात बहुतेक थॅलोसायनिन नावाचं तांबंवालं रसायन असतं आणि ओझोन नेमका त्याला खातो. निळा गेला की मागे लाल आणि पिवळा उरतो, म्हणून काच नसलेले फोटो लाल होतात. उन्हाने मात्र बऱ्याच शायांत आधी गुलाबी, म्हणजे मजेंटा उडतो आणि चेहरे हिरवट पडतात. एवढे फोटो परत आलेत माझ्याकडे की आता मी फोटो बघून साधारण सांगतो हा उन्हाने गेला का हवेने. आजींच्या घरी तो दारासमोर टांगलेला, दिवसभर दार उघडं, म्हणजे दोन्ही.

इथं लगेच कुणी म्हणेल बघा म्हणजे ओरिजिनलच घ्यायला पाहिजे. थांबा. २००० साली एप्सनने स्टायलस फोटो ८७० आणि १२७० असे दोन प्रिंटर काढले होते, जाहिरात अशी की फोटो वर्षानुवर्षं टिकतो, आणि अमेरिकेत लोकांचे फोटो काही घरांत थोड्याच दिवसांत नारिंगी पडायला लागले. शाई कंपनीची, पेपरही कंपनीचा. पेपर होता छिद्राछिद्रांचा, प्रिंट पटकन वाळावी म्हणून तसा केलेला, त्या छिद्रांतून हवा आत जाऊन निळा खात होती. सांगायचं काय तर नुसती शाई नाही, शाई आणि पेपर ही नवरा-बायकोची जोडी आहे, एकाचं कौतुक करून उपयोग नाही. आणि आपल्याकडे काय होतं, माणूस ओरिजिनल बाटली भरतो, दुकानात तिची रिकामी खोकी गिऱ्हाइकाला दिसतील अशी रचून ठेवतो, आणि प्रिंट मारतो सगळ्यात स्वस्त १८० जीएसएमच्या (जीएसएम म्हणजे कागदाचं वजन) पुड्यावर, ज्याच्यावर कुणी बनवला ते नाव पण नसतं. त्याला ओरिजिनल प्रिंट म्हणायचं का?

तरी पण, सरासरी कंपनीची शाई जास्त टिकते हे मी मान्य करतो, आणि हे माझं एकट्याचं मत नाही. अमेरिकेत आयोवा राज्यात ग्रिनेल नावाच्या गावी हेन्री विल्हेल्म यांची संस्था आहे, फोटो किती वर्षांनी फिका पडेल ते कडक दिव्याखाली ठेवून मोजतात. त्यांच्या चाचण्यांत स्वस्त रिफिलच्या शाया कंपनीच्या शाईच्या फार आधी उडालेल्या दिसल्यात. फक्त त्यात एक मेख आहे. ते वर्षांचा हिशोब धरतात तो असा की फोटो काचेमागे आहे आणि रोज बारा तास त्याच्यावर ४५० लक्स उजेड पडतोय. ४५० लक्स म्हणजे व्यवस्थित उजेडाचं ऑफिस. आपल्याकडचं उन्हाळ्यातलं बाहेरचं ऊन एक लाख लक्सपर्यंत जातं, आणि आपण फोटो टांगतो कुठं तर पडवीत, दारासमोर, किंवा दुकानाच्या काचेत. त्यामुळे खोक्यावर लिहिलेली ती वर्षं वाचताना आपलं घर डोळ्यासमोर आणा.

आणि दुसरी बाजू पण ऐका. "थर्ड पार्टी", म्हणजे प्रिंटर कंपनी सोडून बाहेरच्या कुणाची शाई, म्हणजे स्वस्त आणि भिकार असंच असतं असं नाही. अमेरिकेतच व्हरमाँटमध्ये जॉन कोन नावाचा एक प्रिंटवाला आहे, तो एप्सनच्या प्रिंटरमध्ये स्वतःची शाई घालतो, पिझोग्राफी म्हणतात त्याला, ब्लॅक अँड व्हाइट फोटोंसाठी काळ्याच्याच फिक्या-गडद छटा, आणि त्यातला मुख्य माल म्हणजे कार्बन. कार्बन म्हणजे आपली काजळी हो. दिव्यावरची काजळी धरून, डिंकात घोटून, बोरूने लिहिलेल्या पोथ्या पुण्याला भांडारकर संस्थेत आहेत, कागद पिवळा पडला, कोपरे वाळवीने खाल्ले पण अक्षर काळंच्या काळं आहे. म्हणजे प्रिंटर कंपनीच्या शाईपेक्षा बाहेरची शाई जास्त टिकाऊ असू शकते. प्रश्न बाटलीवर कुणाचं नाव आहे हा नाहीच, बाटलीत काय आहे हा आहे. आणि बार्शीत शंभर रुपयाला जी बाटली मिळते तिच्यात काय आहे हे ती विकणाऱ्यालाही माहीत नसतं, हा खरा घोळ आहे.

बरं आता पैशाचं बोलू कारण सगळं शेवटी तिथंच येतं. पहिल्या पत्रवाल्या साहेबांनी जो हिशोब मांडला होता तो कार्ट्रिजच्या, म्हणजे शाईची बंद डबी बसवायच्या, प्रिंटरचा होता आणि तिथं ते शंभर टक्के बरोबर आहेत. दहा मिलीची कार्ट्रिज हजार रुपयाला असेल तर लिटर पडलं एक लाखाला. एवढ्या भावात माणूस चोरवाटा शोधणारच. आम्ही पण शोधल्या, पूर्वी कार्ट्रिजला भोक पाडून बाहेर सहा बाटल्या ठेवायच्या आणि बारीक नळ्यांनी शाई आत न्यायची, त्याला आम्ही "सलाईन लावलेला प्रिंटर" म्हणायचो, आणि तो चालायचा पण सलाईनवरच्या पेशंटसारखाच, कधी नळीत हवा शिरेल आणि मान टाकेल भरवसा नाही. हेच उद्योग इंडोनेशियात एवढे वाढले की शेवटी एप्सननेच २०१० साली तिथं स्वतःचा टाकीवाला प्रिंटर काढला, आधी तिथं आणि मग आपल्याकडे. म्हणजे आज जो टाकीवाला प्रिंटर आपण कंपनीचा म्हणून घेतो तो मुळात आमच्यासारख्यांच्या जुगाडाचं पोर आहे. तरी सुरुवातीला कंपनीने शेपूट ठेवलंच होतं, एल८०० मध्ये बाटलीवरचा १३ अंकी कोड टाकल्याशिवाय शाई भरली असं तो मानायचाच नाही. कोड काढून देणारे सॉफ्टवेअर आठ दिवसांत गल्लोगल्ली फिरायला लागले ती गोष्ट वेगळी.

तर टाकीवाल्याचा हिशोब. एल८०५ ला ७० मिलीच्या सहा बाटल्या लागतात. कंपनी म्हणते एका सेटमध्ये चार बाय सहाचे १८०० फोटो. माझ्याकडे तेवढे कधीच निघत नाहीत, हेड क्लिनिंगमध्ये, म्हणजे शाई सोडणारी भोकं साफ करताना, बरीच शाई वाया जाते, बाराशे-तेराशे धरा. बाटली सहाशेला धरली तर सेट छत्तीसशे, म्हणजे फोटोला तीन रुपये पण नाही. लोकल सेट नऊशेत येतो, म्हणजे फोटोला पाऊण रुपया. फरक किती पडला? दोन रुपये. आणि त्या एका चार बाय सहावर मी आठ पासपोर्ट बसवतो आणि त्याचे साठ रुपये घेतो. साठ रुपयांच्या कामात दोन रुपये वाचवायला मी आजींचे मालक लाल केले! हे गणित मी आजी येऊन गेल्यावर मांडलं, आधी नाही, आधी फक्त एवढंच दिसत होतं की ही बाटली सहाशेची आणि ही दीडशेची. दोन पत्रवाल्यांपैकी कुणीच हे लिहिलं नाही की कार्ट्रिजचा आणि टाकीचा प्रश्न वेगळा आहे. कार्ट्रिजवाल्याला लोकल इंक घेऊ नको सांगणं म्हणजे उपाशी माणसाला साजूक तुपाचे फायदे सांगणं, पण टाकीवाल्याने दोन रुपयांसाठी एवढा जीव टाकायची गरज नाही.

कंपन्या पण काही साधुसंत नाहीत. एचपीच्या काही ऑफिसजेट प्रिंटरनी १३ सप्टेंबर २०१६ ला अचानक बाहेरच्या कार्ट्रिज नाकारायला सुरुवात केली, आदल्या दिवशीपर्यंत चालत होत्या, प्रिंटरच्या आतल्या सॉफ्टवेअरमध्येच ते घालून ठेवलं होतं. लोकांनी एवढी बोंब मारली की कंपनीला माफी मागून ते काढायचं सॉफ्टवेअर द्यावं लागलं. पुढे २०२० मध्ये इटलीत अशाच गोष्टींवरून त्यांना एक कोटी युरोचा दंड झाला. म्हणजे ओरिजिनल वापरा असं सांगणाऱ्याच्या मनात आपल्या फोटोची काळजी किती आणि स्वतःच्या गल्ल्याची किती, हे ज्याचं त्याने ओळखावं.

आता दुसऱ्या पत्रातलं ते "प्रिंटर मरतो". मरतो, माझा मेला. पण कशाने मेला हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. एल८०५ च्या हेडला दर रंगाची नव्वद भोकं, सहा रंगांची मिळून ५४०, आणि त्यातला सगळ्यात बारीक थेंब दीड पिकोलिटरचा (पिकोलिटर म्हणजे लिटरचा एक लाख कोटीवा भाग). गंमत म्हणून काढलं तर ७० मिलीच्या बाटलीत असे साडेचार हजार कोटींच्या वर थेंब बसतात. एवढ्या बारीक भोकातून कमी गाळलेली शाई गेली की ती अडकणार हे सांगायला इंजिनिअर लागत नाही. त्यात एका कंपनीच्या शाईवर दुसऱ्याची ओतली, किंवा डायवर चुकून पिगमेंट ओतली, तर आत दह्यासारखं साखळतं कधीकधी. मी अर्धी टाकी ओरिजिनल असताना वर लोकल मजेंटा ओतला होता, पंधरा दिवसांत नोझल चेकला, म्हणजे भोकं तपासायच्या प्रिंटला, मजेंटाच्या लाइनी तुटायला लागल्या, क्लिनिंग मारून मारून वाया गेलेली शाई शोषणारं वेस्ट पॅड भरलं, मग रिसेट मारला, शेवटी रिपेअरवाला म्हणाला हेड गेलं आणि हेडची किंमत ऐकून मीच गेलो, जवळजवळ प्रिंटरएवढी. पण माझा एक दोस्त आहे रत्नागिरीला, तो आयुष्यात ओरिजिनलशिवाय थेंब भरत नाही, त्याचं हेड लॉकडाऊनमध्ये दुकान बंद राहिलं तेव्हा वाळून गेलं. आणि इथंच शेजारच्या गल्लीत एक जण लोकलवर पाच वर्षं रोज दीडशे प्रिंट मारतोय, ठणठणीत. प्रिंटर चालता ठेवला की बरंच काही माफ असतं, पडून राहिला की काशीचं गंगाजल भरा, वाळणारच. घरी ज्यांचा प्रिंटर महिन्यातून एकदा चालू होतो त्यांनी शाईपेक्षा आधी ह्याचा विचार करावा, आठवड्याला एक रंगीत पान काढलं तरी पुरतं.

रंगाचं तर बोलायलाच नको. प्रिंटरच्या ड्रायव्हरमध्ये जे रंगांचं गणित बसवलेलं असतं ते कंपनीची शाई आणि कंपनीचा पेपर धरून. शाई बदलली की गणित चुकतं, सावळा माणूस हिरवट येतो, गोरा माणूस कावीळ झाल्यासारखा. मग पोरं फोटोशॉपमध्ये अंदाजाने लाल वाढवतात, ते ह्या फोटोला जमतं आणि पुढच्याला फसतं. खरं तर एक रंगांचा चार्ट प्रिंट करून द्यायचा, मोठ्या गावात मशीनने तो मोजून त्या शाई-पेपरसाठी आयसीसी प्रोफाइलची, म्हणजे रंगांच्या नव्या गणिताची, फाइल बनवून देणारे आहेत. मी एकदा करून घेतली, स्किन टोन असा सुंदर यायला लागला की विचारू नका. आणि पुढच्या महिन्यात इंकवाल्याने त्याच लेबलच्या बाटलीत वेगळीच शाई दिली, प्रोफाइल गेली पाण्यात. लोकल इंकची ही सगळ्यात मोठी खोड, वाईट असते म्हणून नाही, दर वेळी वेगळी असते म्हणून. वाईट पण कायम तशीच असेल तर माणूस सांभाळून घेतो. (आमच्याकडच्या पोराने एकदा लाइट सायनच्या टाकीत साधा सायन ओतला होता, सबंध दिवस सगळं गाव निळं निघालं, कृष्णाचे फोटो काढायचे असते तर हरकत नव्हती. काही नव्या मॉडेलच्या बाटल्यांना खाच केलीय, चुकीच्या टाकीत बसतच नाही, ते बरं केलं.)

एक शब्द मात्र सगळ्यांनी नीट वापरा ही विनंती, आपल्या पुरवणीनेही. "डुप्लिकेट". आपल्याकडे लोकल इंकलाही डुप्लिकेट म्हणतात आणि बनावट इंकलाही. ह्या दोन फार वेगळ्या गोष्टी आहेत. एखादा माणूस स्वतःच्या नावाने शाई बनवून "अमुक प्रिंटरला चालेल" असं लिहून विकतो, तो काही गुन्हा करत नाही, कायदा त्याला तसं लिहू देतो. पण कंपनीची रिकामी बाटली भंगारातून उचलून, तिच्यात कॅनमधली शाई भरून, वर सील आणि स्टिकर मारून ओरिजिनलच्या भावाला विकणं ही सरळ फसवणूक आहे, १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्यात त्याला सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत शिक्षा आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड आहे. माझ्याकडे भंगारवाला रिकाम्या बाटल्या मागायला यायचा, साध्या प्लास्टिकपेक्षा जास्त भाव द्यायचा, तेव्हाच मला कळायला पाहिजे होतं त्या कुठं जातात. आता मी बाटलीला सुरी मारूनच टाकतो. आणि तुम्ही पूर्ण पैसे मोजून बाटली घेतली आणि शंका आली तर बिल जपून ठेवा आणि ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन लावा. बिल नाही म्हणणाऱ्याकडून ओरिजिनल घेऊच नका, तो स्वस्तात देत असला तर नक्कीच नको.

आजी येऊन गेल्यावर मी एक उद्योग केला. एकच फोटो, माझाच, दुसऱ्या कुणाचा कशाला खराब करा, पट्ट्या करून छापला, एक ओरिजिनल चांगल्या पेपरवर, एक ओरिजिनल स्वस्त पेपरवर, आणि दोन वेगवेगळ्या लोकल, दोन्ही चांगल्या पेपरवर. प्रत्येकीचा अर्धा भाग काळ्या पुठ्ठ्याने झाकला आणि दुकानाच्या पश्चिमेकडच्या काचेला आतून चिकटवल्या, जिथं दुपारी तीननंतर ऊन भाजतं. ह्याच चारचा एक जोड अल्बममध्ये घालून कपाटात ठेवला. तिसऱ्या आठवड्यात एक लोकल पट्टी गेली, पुठ्ठा उचलला की झाकलेला मी आणि उघडा मी असे दोन भाऊ दिसायला लागले. दुसरी लोकल मात्र टिकून होती, स्वस्त पेपरवरच्या ओरिजिनलपेक्षा चांगली, हे मी प्रामाणिकपणे लिहितो कारण मला पण धक्का बसला. दिवाळीपर्यंत सगळ्याच उतरल्या, चांगल्या पेपरवरची ओरिजिनल सगळ्यात कमी, पण उतरली तीही. आणि कपाटातल्या अल्बममधल्या चारही जशाच्या तशा, कुठली कुठली ते मागे लिहिलं नसतं तर मला सांगता आलं नसतं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की शाई ओरिजिनल का लोकल हे विचारायच्या आधी हा फोटो किती दिवस जगायला पाहिजे ते विचारा. पोलीस भरतीच्या फॉर्मला लावायचा साडेतीन बाय साडेचार सेंटीमीटरचा फोटो, त्याचं आयुष्य फॉर्म तपासेपर्यंत. त्याला लोकल इंक लावली तर काय पाप नाही, मी आजही लावतो, त्यासाठी जुना प्रिंटर वेगळा ठेवलाय. वाढदिवसाच्या बॅनरचा नमुना, शाळेचा प्रोजेक्ट, पोरांच्या स्टिकरचं पान, सगळं तिकडे. पण भिंतीवर लागणारा फोटो, हार घालायचा फोटो, तो नव्या प्रिंटरवर, ओरिजिनल शाई, चांगला पेपर आणि काच लावल्याशिवाय हातात देत नाही, गिऱ्हाईक घाई करत असलं तरी. घाई असली तर साधी प्रिंट कार्यक्रमापुरती देतो आणि काचेची नंतर घेऊन जा म्हणतो. आणि ज्याला तीस-चाळीस वर्षं पाहिजे आणि खर्चाची तयारी आहे त्याला सरळ सांगतो माझ्याकडे करू नका, पिगमेंटवर छापणाऱ्याकडे फाइल पाठवतो. धंदा जातो थोडा. जाऊ दे.

दुसरं म्हणजे सांगायचं. मी एक शिक्का बनवून घेतलाय, प्रत्येक भिंतीवरच्या फोटोच्या मागे मारतो, तारीख, शाई कुठली, पेपर कुठला, आणि खाली "उन्हात लावू नये". दीडशे रुपयांचा शिक्का. आमच्या गावातल्या बाकीच्या स्टुडिओवाल्यांना दाखवला तर दोघांनी कौतुक केलं आणि एक जण म्हणाला, लोकल लिहिलं तर गिऱ्हाईक पैसे कमी देईल ना. देईल की! कमीच द्यायला पाहिजेत त्याने. हॉटेलवाला वनस्पती तूप वापरून साजूक म्हणत असेल तर आपण भांडतो, मग माणसाच्या गेलेल्या बापाच्या फोटोत काय ओतलं हे त्याला कळायला नको? आपल्या पुरवणीत पुढच्या वेळी ह्या विषयावर काही छापाल तर "कुठली इंक स्वस्त" च्या जोडीला हे पण छापा की गिऱ्हाइकाने काउंटरवर विचारावं, दादा, इंक कुठली आणि पेपर कुठला. बस. दहा जणांनी विचारलं की अकराव्याच्या आधी बाटली बदलते, अनुभव आहे, मी पण गिऱ्हाइकाने विचारल्यावरच सुधारलोय.

आजींचा नवा फोटो दारासमोरून काढून आतल्या भिंतीला लावलाय असं नातू सांगत होता. जुना लाल झालेला त्यांनी मागे घेतला नाही, आणि मला फेकवेना, मालकांचं तोंड भिंतीकडे करून ठेवलाय कपाटात अल्बमच्या शेजारी. काचेवरच्या पट्ट्या काढल्या नाहीत अजून. स्टँडकडून येताना दिसतात, चार पट्ट्यांवर मीच चार वेळा हसतोय. त्यातली कुठली लोकल आणि कुठली ओरिजिनल ते काचेवर लिहिलेलं नाही, येणाऱ्या प्रत्येकाला ओळखायला लावतो, आजवर फक्त एका बाईंनी बरोबर ओळखल्या आणि त्या साड्या रंगवायच्या कामाला होत्या.

नाव छापू नये ही विनंती, वर ज्यांच्याबद्दल लिहिलंय ते सगळे संध्याकाळी चहाला एकत्रच असतात.

आपला,
एक फोटो स्टुडिओवाला, बार्शी